सायबाचं डोकं कोणी नेलं

१

सायबाचं डोकं चोरीला गेलं, आणि तेही मच्छीमारांच्या रापण संघाच्या सत्यनारायणाला दोनच दिवस उरलेले असताना.

सायब म्हणजे माणूस नव्हे. सायब म्हणजे तुकाराम आज्याचा विलायती अँप. गिटारची तार छेडली की तिचा आवाज मोठा करून बाहेर फेकणारं यंत्र. अर्थात असं म्हणणं म्हणजे दर्याला पाणी म्हणण्यासारखं झालं. सायबाचे दोन भाग. खाली कमरेएवढी उंच पेटी, तिच्यात चार स्पीकर. ती त्याची छाती. तिच्यावर आडवं बसणारं, काळ्या रेक्झिनचं आणि सोनेरी पट्टीचं जड खोकं, ज्याच्या पोटात काचेचे दिवे पेटतात. ते त्याचं डोकं. आजो जहाजावर कामाला होता तेव्हा विलायतेतल्या कुठल्याशा बंदरात, बंद पडलेल्या नाचाच्या हॉलबाहेर, त्याला तो पावसात उभा दिसला. सोबतच्या खलाशांनी शिव्या घालत तो बोटीवर चढवला, आणि तेव्हापासून तो पातवाडीचा झाला.

शनिवारी सकाळी आज्याची नात संचिता रियाजाला मांगरात गेली. मांगर म्हणजे घरामागची, किनाऱ्याच्या पुळणीला, वाळूला लागून असलेली कौलारू खोप. पूर्वी तिथं जाळी असायची, आता सायब असायचा. कुलूप जागच्या जागी होतं. किल्ली वळचणीच्या खिळ्याला होती, जिथं ती असते हे सगळ्या वाडीला ठाऊक. दार उघडलं तर पेटी आपल्या कोपऱ्यात, उंदरांनी कुरतडू नये म्हणून घालतात तो गोणपाट अंगावर नीट पांघरून उभी. डोकं आणि पेटी जोडणारी जाड तार गुंडाळून खुंटीला टांगलेली. आणि पेटीच्या वर काही नाही. हवा.

संचिताने एक पाऊल पुढं टाकलं आणि तिचा पाय जमिनीला चिकटला. उचलून बघते तर तळव्याला ओलं शेण.

"आये, तू मांगर सारवलंस?"

तिची आई वर्षाली माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली होती. "माका आज सवड खंय गो? माझो सारवणाचो दिस बेस्तरवार."

संचिता वाकली. पेटीसमोरचा सुपाएवढा तुकडाच तेवढा ओला होता. बाकी जमीन कोरडी, गुरुवारची. ओल्या तुकड्याच्या कडेला दोन खरवडे अर्धवट बुजलेले दिसत होते, सायबाच्या डोक्याला खाली लोखंडी पाय आहेत त्यांचे. कुणीतरी डोकं उतरवून खाली टेकवलं होतं, तिथं जमीन उखडली होती.

आणि मग त्या चोराने, सबंध कोकणात याआधी कुठल्या चोराने केलं नसेल असं काम केलं होतं. उखडलेली जमीन सारवून तो गेला होता.

२

एका यंत्रासाठी एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी त्याच्यासमोर एकदा उभं राहायला हवं होतं.

मोबाईलवर वाजतं ते कानात वाजतं. सायब अंगावर वाजतो. त्याचा पहिला खटका दाबायचा, दिवे नारिंगी होईपर्यंत थांबायचं, मग दुसरा खटका. आवाजाची कळ अर्ध्यापर्यंत असते तोवर तो शाळेत तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा सभ्य बोलतो. अर्ध्याच्या पुढं गेलात की त्याचा घसा फाटतो, आणि तिथून तो माणूस होतो. एकच सूर, पण त्याला कड येते, खर येते, तो रडतोय की हसतोय कळत नाही. सदरा अंगावर थरथरतो. कौलं वाजतात. पेटीवर ठेवलेल्या कोकमाच्या बिया नाचत नाचत खाली पडतात. हळू छेडलं तर तो लगेच कुजबुजतो, बोटाला जोर दिला तर उसळतो. आजो म्हणायचा, "नवे अँप आवाज करतत. ह्यो उत्तर दिता."

आणि संचिता ही दहावीतली ती मुलगी होती, जिला नववीपर्यंत सर "तोंडातल्या तोंडात बोलू नकोस" एवढंच सांगत आले. गेल्या मे महिन्यात आज्याने तिच्या गळ्यात गिटार अडकवली, कानात कापूस घातला, आणि सायबाची कळ पूर्ण फिरवली. तिने एक तार छेडली. समोरच्या माडावरचे कावळे उठले. एवढं मोठं आपण काही करू शकतो हे तिला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर तिला गप्प बसवणं कुणाला जमलं नाही. वर्गात नाही, घरात तर नाहीच.

सोमवारी पूजेच्या दिवशी ती आज्यासोबत पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाजवणार होती. आज्याने ठरवलं होतं, सायब पूर्ण फिरवून वाजवायचा. एकदाच.

आता आजो मांगराच्या उंबऱ्यावर बसला होता. संचिता त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. उजव्या कानाने त्याला हल्ली ऐकू येत नसे. मंगळवारी तो दत्ताकाकांसोबत कुडाळला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. काय म्हणाले विचारलं, तर "मळ होतो" म्हणाला आणि जेवायला बसला होता.

"गरम आसताना हलवल्यानी नसतलो ना गो?" आज्याने विचारलं. "गरम आसताना हलवूचो नसता. दिव्यातली तार तुटता."

चोरी झाली याचं नव्हे, चोराने थंड होऊ दिला की नाही याचं त्याला पडलं होतं.

तेवढ्यात दत्ताकाका आले. दत्ताराम हे रापणीचे तांडेल. अख्खी वाडी मिळून किनाऱ्यावरून जे मोठं जाळं ओढते त्या रापणीचा शब्द त्यांचा. आज्याचे ते शाळेपासूनचे सोबती. संध्याकाळ झाली की दोघं मांगरासमोर उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसायचे आणि दिवे लागेपर्यंत एकमेकांना मूर्ख ठरवायचे.

"पोलिसांक कळवूया?" संचिताने विचारलं.

"पुजेनंतर बघूया," दत्ताकाका म्हणाले. "उगाच वाडीत पोलीस कित्याक?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या उजव्या हाताचं मधलं बोट फार वर्षांपूर्वी रापणीच्या दोरात गेलं होतं, त्यामुळं त्यांचा आशीर्वाद नेहमी थोडा विरळ लागायचा. "गावात आसात तर गावतलो. तू आज्याकडे बघ."

आज्याकडे बघायचंच होतं. त्यासाठी आधी चोराकडे बघणं भाग होतं.

३

पहिला संशयित आपणहून चालत आला.

कसालचा साऊंडवाला ओमकार पूजेच्या मांडवाची आणि साऊंडची जागा बघायला दुपारी टेम्पो घेऊन आला. सायबाच्या दिव्यांच्या बदल्यात आपली मोटारसायकल द्यायला तयार आहे, असं तो गेल्या वर्षी चारचौघांत म्हणाला होता.

"तुझी मोटारसायकल खंय आसा?" संचिताने त्याला गाठलं.

"ही काय टेम्पोत. पंक्चर. कित्याक?"

"सायबाचा डोक्या गेला."

ओमकारचा चेहरा असा पडला, की घरातलं कुणीतरी गेलं असं वाटावं. तो मांगरात आला, बूट बाहेर काढून. पेटीकडे बघितलं, खुंटीवरच्या तारेकडे बघितलं, आणि डोकं खाजवलं.

"तार हयसरच?"

"हां. मगे?"

"अगो, ज्याका वाजवूचो आसा तो तार नेतलोच. आणि पेटीव नेतलो. ह्या डोक्याक हीच छाती होयी. भलतीच पेटी लावलंस, नायतर पेटी न लावताच चालू केलंस, तर आतला जळान जाता. माका नुसते दिवे होये होते तर मी दिवेच काढून नेलंय असतंय. खिशात मावतत. ह्या धूड कोण उचलीत?"

संचिताला ते पटलं आणि त्याचा रागही आला. संशयिताने इतकं शहाणं असू नये.

"सोमवारी आता तुझेच बॉक्स वाजतले," ती कडू आवाजात म्हणाली.

"ता परवाच ठरला ना. दत्ताकाकांचो फोन इलो, दोन बॉक्स जास्त घेवन ये म्हणान. मी म्हटलंय, सायब आसताना कित्याक? तर म्हणाले, तू घेवन ये." ओमकार टेम्पोकडे गेला आणि वळून म्हणाला, "गावलो तर माका फोन कर हां. कधीय कर."

परवा. सायब गेला काल रात्री ते आज पहाटेच्या मधे. पण त्या क्षणी संचिताचं लक्ष समोरून येणाऱ्या दीपेशकडे गेलं, आणि हे वाक्य तिच्या डोक्यात नुसतंच पडून राहिलं.

४

दीपेशचं होमस्टे शेजारीच. सायब वाजला की त्याचे पाहुणे तक्रार करत. त्यातल्याच एका पाहुण्याने मात्र तक्रार करण्याऐवजी भाव विचारला होता. गोव्यातल्या त्याच्या कॅफेत तो सायबाला काचेमागं ठेवणार होता. आज्याने त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

"माझ्यावर कित्याक येतंस?" दीपेश म्हणाला. "त्या माणसाक आख्खो होयो होतो. नुसता डोक्या नेवन काय, कॅफेत मुंडक्या ठेवतलो? माझ्याकडे टेम्पो आसा, दोन गडी आसत. मी नेतंय तर पेटी हयसर ठेवतंय?"

"आणि मेल्या, तू सारवून जातंस?"

"काय?"

"काय नाय."

तिसरा सुदेश. रापणीत दोर ओढणारा, आणि सायबाच्या आवाजाने बांगडा पळतो असं शपथेवर सांगणारा. तो पुळणीवर जाळं शिवत बसला होता. संचिताने विचारताच त्याने सुई खाली ठेवली.

"मी नेलंय असतंय तर खाडयेत बुडवलंय असतंय. आणि मगे सगळ्यांक सांगलंय असतंय की मी बुडवलंय. चोरून कित्याक करू?"

हेही खरं होतं. सुदेशने आयुष्यात कुठलीही गोष्ट गुपचूप केलेली नव्हती.

"बांगडो खरोच पळता?" तिने विचारलं.

सुदेशने दर्याकडे बघितलं. "आता तो वाजाचो नाय म्हणतंस, तर वायच चुकल्यासारख्या वाटता," तो म्हणाला आणि पुन्हा सुई उचलली.

संध्याकाळी वर्षाली विळीवर बांगडे साफ करत होती आणि संचिता तिच्यासमोर येरझाऱ्या घालत होती.

"आये, आयक. ज्याका विकूचो आसा तो दोनय भाग नेतलो. ज्याका वाजवूचो आसा तो तार नेतलो. ज्याका मोडूचो आसा तो थयसरच मोडतलो. ह्या चोरान काय केल्यान? नुसता डोक्या नेल्यान. पेटयेवर गोणपाट घातल्यान, उंदीर लागतले म्हणान. तार गुंडाळून ठेवल्यान. जमीन उखडली ती सारवल्यान. म्हणजे त्येका सायब नको होतो असा नाय. सायबाची त्येका माया आसा."

"मगे नेल्यान कित्याक?"

संचिता थांबली. "गप करूक," ती सावकाश म्हणाली. "त्येका सायब फक्त गप होयो होतो."

वर्षालीने विळीवरून मान वर केली. बाहेर, होडीला टेकून, आजो एकटाच बसला होता. आज दत्ताकाका आले नव्हते.

संचिता बॅटरी घेऊन परत मांगरात गेली. सारवणाचा तुकडा आता वाळला होता आणि बोटांच्या कमानी स्पष्ट उमटल्या होत्या. वर्षालीच्या कमानी ती ओळखायची. चार रेघा जवळजवळ, कंगव्याने ओढल्यासारख्या. या तशा नव्हत्या. एक रेघ, मग मोकळी वाट, मग दोन रेघा. दुसरी कमानही तशीच. तिसरीही.

हाताखाली खडा आला असेल, असं म्हणून तिने बॅटरी विझवली. दारापर्यंत गेली आणि परत आली. प्रत्येक कमानीत तोच खडा?

५

रविवारी उजाडता उजाडता ती दत्ताकाकांच्या घराकडे निघाली. मनात ठरवलेलं कारण असं, की पूजा होवो न होवो, त्यांना घेऊन पोलिसात जायचंच. मनात न ठरवलेलं कारण तिने वाटभर पायाखाली दाबून ठेवलं होतं.

दत्ताकाकांचं अंगण वाडीत सगळ्यांत देखणं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई होत्या तेव्हापासून तसं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, तरी अंगण तसंच राहिलं. त्यांची भाची जामसंड्याहून येऊन सारवून जाते, असं काका सांगत, आणि भाचीला येताना कुणी पाहिलेलं नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

संचिता कुंपणाशी पोचली आणि थांबली.

तुळशीपाशी दत्ताकाका उकिडवे बसले होते. लुंगी गुडघ्यावर खोचलेली, बाजूला शेणकाल्याची बादली. वाडीच्या साठ माणसांना एका हाकेने दोराला लावणारा तांडेल, आणि इथं त्यांचा हात अंगणावर असा फिरत होता, की निजलेल्या पोरावरून फिरावा. हात उजवीकडून डावीकडे गेला. मागं कमान उमटली. एक रेघ, मोकळी वाट, दोन रेघा.

कुंपणाची काठी करकरली. दत्ताकाकांनी वळून बघितलं. पहिल्यांदा त्यांनी खोचलेली लुंगी खाली सोडली, मग हात मागं लपवला. चोरी सापडली म्हणून नव्हे, सारवताना सापडलो म्हणून.

"कोणाक सांगू नको," ते म्हणाले.

"सारवणाचा की सायबाचा?" संचिताने विचारलं.

बादलीवर एक माशी बसली, उठली. दत्ताकाकांनी तोच हात धुतला, लुंगीला पुसला आणि म्हणाले, "भितर ये."

६

आतल्या खोलीत आनंदीबाईंची लोखंडी पेटी होती. दत्ताकाकांनी झाकण उघडलं. आत, त्यांच्या जांभळ्या लुगड्यात गुंडाळलेलं, कापराचा वास लागलेलं, सायबाचं डोकं होतं. काचेचे दिवे एकेक काढून वेगळ्या पोलक्यात बांधलेले.

"थंड होईसर थांबलंय," ते घाईने म्हणाले. "तुझ्या आज्याक सांग. पुरो थंड झाल्यावरच हात लावलंय."

"काका, कित्याक?"

ते पेटीच्या कडेवर बसले. "डाक्टरान काय सांगल्यान, ता त्येणा तुमका सांगूक नाय. उजवो कान गेलो. डाव्यात वायच उरला आसा. जवळसून मोठो आवाज झालो तर ताय जातला, आणि परत येवचा नाय. मी म्हटलंय, तुकारामा, आता सायब पुरो. तर म्हणता, एकदाच वाजवतंय, पुरो फिरवन, मगे गेलो कान तर जावने. माका शपथ घातल्यान, घरात सांगूचा नाय म्हणान." त्यांनी नाक ओढलं. "शपथ घातल्यान सांगूचा नाय म्हणान. चोरूचा नाय म्हणान घालूक नाय."

संचिताला हसू आलं आणि ते अर्ध्यावर थांबलं.

"आनंदी गेली तेव्हा मी बोलाचो बंद झालंय," दत्ताकाका म्हणाले. "तुझो आजो रोज सांजेक येवन माका शिव्या घाली. उत्तर देवचा पडा. तसा करून करून मी परत बोलूक लागलंय. आता त्येका आयकाक येवचा नाय झाला, तर मी बोलू कोणाकडे?"

हे सगळ्या चोरीचं कारण होतं. कुणाला पैसा नको होता, कुणाला सूड नको होता. एका म्हाताऱ्याला संध्याकाळी बोलायला दुसरा म्हातारा हवा होता.

संचिता लुगड्यातल्या त्या काळ्या खोक्याकडे बघत राहिली. सायब परत दिला तर आज्याचा कान जाणार. नाही दिला तर आजो मांगराच्या उंबऱ्यावर बसून राहणार, कालच्यासारखा. यातलं काय निवडायचं? तिला आठवलं, मे महिन्यात ती पहिल्यांदा वाजवत होती तेव्हा वर्षाली बाजारातून परतत होती, वाटेत, पार पुलाजवळ. घरी येऊन म्हणाली होती, "बरा वाटला गो. कोणीतरी लांबसून हाक मारता तसा."

"काका," ती म्हणाली, "रापण सोडतात तेव्हा होडी किती लांब जाता?"

दत्ताकाकांनी वर बघितलं. तांडेल होते ते. दोन क्षणांत त्यांना कळलं.

"लांब जाता," ते म्हणाले. "पण वारो होयो जमनीवरसून. पाटेक मतलई सुटता, तेव्हा होयो. हयसरलो आवाज उचलून दर्यात नेता."

डोकं दोघांनी मिळून मांगरात आणलं. आजो उंबऱ्यावरच होता. त्याने लुगडं ओळखलं, दत्ताकाकांकडे बघितलं, आणि सगळं त्याला कळलं असावं, कारण त्याने एकच वाक्य उच्चारलं.

"मेल्या, माका आदी सांगूचा होता, तुका एवढी भीती वाटता म्हणान."

"सांगलंय," दत्ताकाका म्हणाले. "तीनदा सांगलंय. तुका आयकाक येवक नाय."

आजो त्यांच्याकडे बघत राहिला. मग उंबऱ्यावर जरा सरकला आणि डाव्या बाजूची जागा हाताने झटकली. दत्ताकाका तिथं बसले.

वर्षालीला कळल्यावर तिने दोघांना मिळून जे सुनावलं ते पुलापर्यंत ऐकू गेलं असेल. मग तिने कुडाळच्या डॉक्टरांना फोन लावला आणि शुद्ध मराठीत, लेखी परीक्षेसारखे प्रश्न विचारले. इतक्या लांबून चालेल का? कानात कापूस असला तर? डॉक्टर म्हणाले, लांबून, हळू ऐकू येईल असं, चालेल. जवळ मुळीच नाही, आयुष्यात नाही.

आज्याने मान डोलवली. आपल्या गिटारचा पट्टा त्याने स्वतःच्या हाताने संचिताच्या मापाचा केला.

७

सोमवारी पहाटे मतलई सुटली. माडांची झावळं दर्याकडे वळली. ओमकार रात्रीच येऊन राहिला होता. त्याने मांगरातून पुळणीपर्यंत वायर ओढली, दिवे एकेक करून जागी बसवले, आणि मग सायबाला हात जोडले. दीपेशने पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, ते चादरी पांघरून बाहेर येऊन बसले. सुदेश म्हणाला की आज एकही बांगडा मिळणार नाही, आणि पुढं येऊन उभा राहिला.

होडी निघाली. वल्ह्यावर दत्ताकाका, समोर आजो, डाव्या कानात कापूस, उजवा मोकळा. ती लहान होत गेली, आणि जिथं रापणीचं जाळं टाकायला वळतात तिथं थांबली. ऐकू आलं तर आजो वल्हं उभं धरणार होता, असं ठरलं होतं.

संचिताने कानात कापूस घातला. पहिला खटका. दिवे नारिंगी झाले. दुसरा खटका. तिने कळ धरली आणि फिरवली, अर्ध्यापर्यंत, अर्ध्याच्या पुढं, अडेपर्यंत. सायब नुसताच श्वास घ्यायला लागला, भरतीच्या आधी दर्या घेतो तसा.

तिने तार छेडली.

पायाखालची पुळण थरथरली. कावळे उठले. आवाज तिच्या पाठीत शिरला आणि छातीतून बाहेर पडून पाण्यावर गेला, फाटका, खरखरीत, विलायतेतल्या पावसात भिजलेला आणि मालवणच्या उन्हात वाळलेला. ती आज्याने शिकवलेली चाल वाजवत गेली. एका जागी बोट चुकलं. तिने ते चुकलेलंच इतक्या जोरात वाजवलं, की ते बरोबर वाटावं. आणि तिचे डोळे होडीवरून हलले नाहीत.

होडीत काही हललं नाही. एक फेर झाला. दुसरा सुरू झाला. लांबी चुकली का? वारा कमी पडला का? की डाव्यातलंही गेलं?

मग एक वल्हं उभं राहिलं. काळं, बारीक, उजळत्या आभाळात काडीसारखं. आणि ते नुसतं उभं राहिलं नाही. ते ताल धरत होतं.

चाल संपली. शेवटचा सूर सोडवेना म्हणून सायबाने धरून ठेवला, मग सोडला. ऊन वर आलं. मतलई पडली, आणि दर्यावरचा वारा अजून सुटला नव्हता. दोन वाऱ्यांच्या मधली ती वेळ, जेव्हा पाणी तेलासारखं होतं आणि लांबचा शब्दही सरकत किनाऱ्याला येतो. संचिताने कानातला कापूस काढला.

होडी परत येत होती. त्यातून आवाज येत होते.

"मधी एक सूर चुकल्यान तुझ्या नातीन."

"चुकूक नाय. तो तसोच आसा."

"तुका काय कळता?"

"तुझ्यापेक्षा वायच जास्तच कळता. गप वल्हव."

दत्ताकाका ओरडत नव्हते. ते हळू, नेहमीच्या आवाजात बोलत होते, आणि प्रत्येक वेळी आजो उत्तर देत होता.

ओमकार पुढं आला. "न्हेवया सायबाक भितर?"

संचिताने सायबाच्या डोक्यावर हात ठेवला. तो अजून गरम होता. गरम असताना त्याला हलवायचं नसतं. म्हणून ती त्याच्या शेजारी पुळणीवर बसली आणि होडी टेकेपर्यंत ऐकत राहिली.